दूतावासातली इंटर्नशिप : फाईल आणण्याआधी ‘लास्ट नेम’चा रकाना बघा

परदेशातल्या भारतीय दूतावासात, उच्चायुक्तालयात किंवा वाणिज्य दूतावासात इंटर्नशिपला निघालेल्या मुलामुलींची कागदपत्रं आणि व्हिसाची फाईल आम्ही तयार करून देतो. दर उन्हाळ्यात एकच गोष्ट प्रत्येकाला समजावताना घसा बसतो, म्हणून हा कागद छापून घेतला.

आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर नावाशेजारीच ‘आडनाव आधी’ अशी सूचना असते. म्हणजे नमुन्यादाखल, पाटील स्नेहा सुनील. दहावीपासून हाच क्रम हाताला बसलेला. मग दूतावासाच्या अर्जात ‘लास्ट नेम’ असा रकाना येतो आणि मुलगी आपल्या नावातला शेवटचा शब्द भरून मोकळी होते : सुनील. पासपोर्टवर मात्र ‘सरनेम’ पाटील आणि ‘गिव्हन नेम’ स्नेहा सुनील. झाला घोळ.

दूतावास निवडीचं पत्र अर्जातल्या नावानं काढतो, त्यामुळे तिथे आडनाव सुनील. कॉलेजचं ना-हरकत पत्र कारकुनानं रजिस्टरवरून उतरवलेलं, तिथे सगळं आडनावापासून सुरू. पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारा पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, पासपोर्टबरहुकूम. (पोलीस चौकीतून आणलेला चारित्र्याचा दाखला म्हणजे पीसीसी नव्हे. तो घेऊन येणारेही बरेच आहेत.) तीन कागदांवर तीन माणसं उभी राहतात. व्हिसा देणारा अधिकारी त्या परक्या देशाचा. त्याला आपली बापाचं नाव मध्ये लिहायची रीत कुठून ठाऊक असणार?

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचं पत्र असंच वडिलांच्या नावाला आडनाव करून आलं. पत्र पाठवणाऱ्या कार्यालयाचा दोष नव्हता, तिनं भरलं तेच त्यांनी छापलं. दुरुस्त पत्र येईपर्यंत व्हिसाची तारीख हुकली, पुढची लांबची मिळाली, आणि सहा आठवड्यांची इंटर्नशिप चार आठवड्यांवर आली. विमानाचं तिकीटही तिनं त्याच चुकीच्या आडनावानं आधीच काढून ठेवलं होतं.

तेव्हा अर्ज, कॉलेजचं पत्र, तिकीट, विमा या सगळ्यांवर पासपोर्टच्या पहिल्या पानावरचं नाव, त्याच स्पेलिंगसह. गुणपत्रिका बदलायच्या भानगडीत पडू नका, नुसत्या क्रमासाठी त्याची गरज नसते. कॉलेजच्या पत्रात एक ओळ घालून घ्या : ‘आमच्या नोंदींत आडनाव आधी लिहिले जाते.’ त्या ओळीचा नमुना आमच्याकडे फुकट मिळतो. नावच वेगळं असेल, म्हणजे सुनील आणि सुनिल किंवा लग्नानंतरचं आडनाव, तर मात्र प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्र लागू शकतं. ते घरी ठरवू नका, कागद दाखवायला आणा.

आम्ही पासपोर्ट बघितल्याशिवाय फाईल उघडत नाही आणि फोनवर नाव उतरवून घेत नाही, यावरून आम्हाला चिकट म्हणतात. म्हणू देत. आम्ही भरलेल्या अर्जात नावाची चूक निघाली तर दुरुस्तीचे पैसे घेत नाही. तुम्ही भरून आणलेल्या अर्जाचे घेतो.

आता बाकीचे नेहमीचे प्रश्न. ‘जागा मिळवून द्याल का?’ नाही. निवड दूतावासच करतो, आणि पैसे घेऊन आत चिकटवतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. ‘अमेरिकेच्या वकिलातीत?’ त्यांच्या परराष्ट्र खात्याची विद्यार्थी इंटर्नशिप अमेरिकी नागरिकांसाठी आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची दिल्लीतली इंटर्नशिप वेगळी. २०२२ च्या धोरणात तिला महिना १०,००० रुपये मानधन आणि २५ वर्षांची वयोमर्यादा होती. परदेशातल्या कार्यालयात मानधन मिळेलच असं धरून चालू नका, राहण्याजेवणाचा खर्च आधी मांडा.

इंटर्नला राजनैतिक पासपोर्ट मिळत नाही. मरून रंगाचा तो पासपोर्ट अधिकाऱ्यांचा, तुमचा आपला निळाच, आणि व्हिसा तुम्हालाच काढायचा. ‘फिरायला जातोय’ असं अर्जात लिहू नका, खरं कारण लिहा. दिवसही मोजा : १ जुलै ते ३० सप्टेंबर हे बोलायला तीन महिने, पण भरतात ९२ दिवस, आणि शेंगेन देशांचा (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा) अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसच राहू देतो.

कार्यालयाचं नावही नीट लिहा. लंडनला भारताचं उच्चायुक्तालय आहे, कारण ब्रिटन राष्ट्रकुलातला देश, आणि राष्ट्रकुलातल्या देशांत दूतावासाला उच्चायुक्तालय म्हणतात. जर्मनीत दूतावास बर्लिनला, तर फ्रँकफर्ट, हॅम्बर्ग आणि म्युनिकला वाणिज्य दूतावास. स्वित्झर्लंडमधला भारताचा दूतावास बर्नला आहे, जिनिव्हात नाही.

पदवी प्रमाणपत्रावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं ते प्रमाणीकरण, लागणार असेल तर ते लॅमिनेट करू नका. केलेलं असेल तर तसंच आणा, घरी सोलायला जाऊ नका.

येताना पासपोर्ट, सगळ्या मूळ गुणपत्रिका आणि आलं असेल तर निवडीचं पत्र आणा. नावांची पहिली तपासणी मोफत आहे, पंधरा मिनिटांत होते. शक्यतो दूतावासाचा अर्ज पाठवण्याआधी या, पत्र आल्यावर नको.