सीटी कोलोनोग्राफी

काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या मोठ्या आतड्यात वायू भरून सीटी स्कॅनवर पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या लहान गाठी, शोधण्याची तपासणी. १९९४ साली डेव्हिड व्हायनिंग यांनी ती प्रथम मांडली. आतड्याचा कर्करोग बहुतेकदा पॉलिपमधूनच वर्षानुवर्षे वाढत होतो. पोटाचा साधा सीटी ही तपासणी नव्हे. त्यात आतडे मिटलेले असते. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा घरात आईवडील, भावंडांना हा कर्करोग झाला असेल, तर थेट कोलोनोस्कोपीच (कॅमेऱ्याची दुर्बीण आतड्यात घालून तपासणी) करावी.

निकालाची अर्धी बाजू तयारीवर ठरते. सोलापूरच्या ताटातली ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, मटकीची उसळ एरवी उत्तम, पण त्यांचा चोथा आतड्यात राहतो. म्हणून दोन दिवस आधीपासून मऊ भात आणि गाळलेले वरण, तर आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घेतात. संध्याकाळी जुलाबाचे औषध, सोबत बेरियम किंवा आयोडीनचे द्रव. त्यामुळे उरलासुरला मळ स्कॅनवर पांढरा दिसतो. पांढरा न झालेला शेंगदाण्याचा तुकडा हुबेहूब पॉलिपसारखा भासतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा जुलाबाने अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. ओआरएस घेत राहावे. मधुमेहींनी गोळ्या आणि इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास जुलाबाचे औषधही डॉक्टरांनीच निवडावे.

गुदद्वारातून बारीक नळी घालून कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो साध्या हवेपेक्षा लवकर शोषला जातो, त्यामुळे नंतर पोट कमी दुखते. भूल लागत नाही. एकदा उताणे, एकदा पालथे झोपवून श्वास रोखायला सांगतात: मळ जागा बदलतो, पॉलिप सहसा तिथेच राहतो. सिग्मॉइडचा (गुदाशयाच्या वरचा वळणदार) भाग फुगलाच नाही, तर कुशीवर वळवून तिसरा स्कॅन घेतात. हा कंटाळा केला की तिथला पॉलिप निसटतो.

५ मिमीपर्यंतचे पॉलिप सहसा नोंदवत नाहीत. ६ ते ९ मिमीचे एक-दोन असल्यास कोलोनोस्कोपी किंवा तीन वर्षांनी पुन्हा स्कॅन. १० मिमी किंवा मोठा असल्यास कोलोनोस्कोपीच. मोठे पॉलिप असलेल्या दहापैकी सुमारे नऊ जणांत ते सापडतात; चपटे मात्र चुकतात. स्कॅन स्वच्छ आला, तर पुढचा पाच वर्षांनी.

अमेरिकेत ४५व्या वर्षापासून चाचणी सुचवतात. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे, आतड्याची नाही. त्यामुळे विचारणा स्वतःच करावी लागते. पॉलिप निघाल्यास त्याच दिवशी कोलोनोस्कोपी होईल का, हेही तारीख घेतानाच विचारावे, म्हणजे जुलाब दुसऱ्यांदा घ्यावे लागत नाहीत.