मते बदलली तरी पुरावा बरोबरच

फेब्रुवारी २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या टपाल सेवेने, स्विस पोस्टने, आपल्या नव्या ई-मतदान प्रणालीचा सोर्स कोड तपासणीसाठी खुला केला. ही प्रणाली सायटल या कंपनीने बनवली होती. स्विस नियमांची ती अटच होती. प्रणाली भेदून दाखवणाऱ्यांना बक्षिसेही ठेवली होती. तीन हजारांहून अधिक जणांनी नावे नोंदवली, पण मतपेटीत कुणालाच शिरता आले नाही. सर्वांत गंभीर दोष सापडला तो कोड वाचत बसलेल्यांना.

एन्क्रिप्ट झालेले, म्हणजे सांकेतिक रूपात बंद केलेले, मत थेट उघडले, तर कोणी कोणाला मत दिले ते कळेल. म्हणून मिक्सिंग सर्व्हर आधी सगळ्या मतांचा क्रम बदलतात आणि प्रत्येक मत पुन्हा एन्क्रिप्ट करतात. पण या गोंधळात सर्व्हरनेच काही मते बदलली तर? त्यासाठी प्रत्येक सर्व्हरला गणिती पुरावा द्यावा लागतो, की क्रम बदलला तरी मते तीच आहेत.

पुरावा देताना सर्व्हर निवडलेला क्रम एका आकड्यात बंद करतो, लखोटा सील करावा तसा. त्यासाठी काही मोठ्या संख्या लागतात, आणि त्यांचे आपसातले नाते कोणालाच ठाऊक असता कामा नये. या कोडमध्ये मात्र त्या संख्या सर्व्हर स्वतःच यादृच्छिक पद्धतीने तयार करत होता, आणि त्या कशा आल्या हे इतरांना तपासायची सोय नव्हती. ज्याला नाते माहीत, त्याला तोच लखोटा दोन वेगळ्या मजकुरांनी उघडता येतो. मते बदलायची, आणि पडताळणी तरीही बिनतक्रार पार! बाहेरच्या हॅकरला याचा उपयोग नव्हता. सर्व्हर ज्याच्या ताब्यात त्याला होता. मतदारांनी सर्वांत जास्त सावध राहायला हवे ते नेमके इथेच.

सारा जेमी लुईस, ऑलिव्हिए पेरेरा आणि व्हेनेसा टीग या संशोधकांनी १२ मार्चला हे जाहीर केले. थॉमस हेन्स आणि रॉल्फ हेन्नी हेही स्वतंत्रपणे याच दोषापर्यंत पोचले होते. उपाय अवघड नाही: संख्या एका जाहीर बीजावरून (सुरुवातीच्या मूल्यावरून) हॅश फंक्शनने, म्हणजे उलट दिशेने न सोडवता येणाऱ्या ठरावीक गणिताने, काढायच्या, म्हणजे कोणालाही तेच गणित करून त्या ताडून पाहता येतात.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये २३ मार्चला निवडणूक होती, आणि तिथली आयव्होट ही ई-मतदान प्रणालीही सायटलचीच. तोच दोष आपल्याकडेही असल्याचे तिथल्या निवडणूक आयोगाने मान्य केले. तो उघडा पडला तो स्वित्झर्लंडमधला कोड वाचता आला म्हणून.

मार्चअखेरीस आणखी एक दोष निघाला, तो स्विस पोस्टच्या आधीपासून वापरात असलेल्या प्रणालीतला. १९ मेच्या मतदानात स्विस पोस्टचे ई-मतदान बंद ठेवावे लागले.

त्या वेळी कोड पाहायलाही नोंदणी करून अटी मान्य कराव्या लागत. अशा अटींनी स्वतंत्र तपासनीस दूर राहतात, म्हणून हे अर्धवट खुलेपण पुरेसे नव्हते. २०२१ पासून नव्या प्रणालीचा कोड आणि कागदपत्रे नोंदणीशिवाय पाहता येतात. जून २०२३ मध्ये बाझल-श्टाट, सेंट गालेन आणि थुर्गाव या कँटनांत (स्वित्झर्लंडमधल्या राज्यांत) ई-मतदान पुन्हा सुरू झाले, तेही मर्यादेत: कँटनमधल्या जास्तीत जास्त ३० टक्के मतदारांनाच ते खुले ठेवता येते.