आपल्यासाठी निर्णय घेणारा माणूस आधीच नेमायचा, हे सुरू कुठून झालं

हॉस्पिटलच्या ॲडमिशन फॉर्मवर पेशंटच्या सहीची जागा असते पण बऱ्याचदा सही मुलाची नाहीतर जावयाचीच होते, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पेशंट बोलता येत नाही अशा अवस्थेत गेला की मग खरी बोंब, कारण नात्यातले चार जण चार तोंडांनी बोलतात.

आपल्याकडे हा प्रश्न कोर्टात नीट उभा राहिला तो मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमुळे. अरुणा शानबाग तिथल्या नर्स, 1973 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या 2015 ला गेल्या, मधली सगळी वर्षं भान हरपलेल्या अवस्थेत केईएममध्येच. नर्सेस कुस्करून भरवायच्या, कूस बदलायच्या, मासे दिले की आवडीनं खातात हेही त्यांनाच माहीत. अरुणाला भरवणं थांबवून शांतपणे मरू द्यावं म्हणून पत्रकार-लेखिका पिंकी विराणींनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला तेव्हा 7 मार्च 2011 ला कोर्ट म्हणालं की अरुणाच्या वतीनं बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचा, विराणींचा नाही. म्हणजे रक्ताचं नातं नसतानाही! मला तरी निकालातला हा भाग पॅसिव्ह युथनेशियाइतकाच (म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देणं) मोठा वाटतो, पण चर्चा सगळी इच्छामरणावरच झाली.

पण अरुणाला स्वतःला कोण हवं होतं हे सांगायची सोयच नव्हती. कुलमुखत्यारपत्र करून ठेवावं म्हटलं तर 1872 चा करार कायदा आडवा येतो, देणाऱ्याचं भान गेलं की ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी कागद रद्दी. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्वतःचा प्रतिनिधी नेमता येतो पण ते मानसिक आजारापुरतंच.

कॉमन कॉज या संस्थेची सुप्रीम कोर्टातली याचिका 2005 ची, निकाल लागला 9 मार्च 2018 ला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे भान गेलं तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली. त्यात आपल्या वतीनं कोण बोलणार त्याचं नाव घालायचं, पण दोन साक्षीदार आणि वर मॅजिस्ट्रेटची सही, आता आजारी माणसाला घेऊन मॅजिस्ट्रेटकडे कोण जाणार? जानेवारी 2023 मध्ये कोर्टानंच ते सोपं केलं, नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर चालतो आणि एकापेक्षा जास्त नावं देता येतात. तरी उपचार थांबवायचे तर डॉक्टरांची दोन बोर्डं लागतातच, नेमलेला माणूस एकटा काही करू शकत नाही.

राहिला प्रश्न कागद ठेवायचा. निकालात तो सांभाळायला सरकारी कस्टोडियन म्हटलं होतं पण इथे नेमलेच नव्हते, त्यासाठी मुंबईतल्या एका डॉक्टरला हायकोर्टात जनहित याचिका करावी लागली, मग कुठे नेमणुका झाल्या. मुंबईत हे काम वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे आलंय.