वाचनकौशल्याचे संक्रमण (बेळगाव सीमाभाग)

महाविद्यालयात अभ्यासासाठी कमावलेले वाचन पुढे नोकरीधंद्यात कामी येणे, हा शिक्षणशास्त्रातील अध्ययन-संक्रमणाचा, म्हणजे एके ठिकाणी शिकलेले दुसरीकडे वापरण्याचा, एक प्रकार. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी पदवीधराला त्यात भाषाही बदलाव्या लागतात. अनेकांची शाळा मराठीत होते, पदवीची पुस्तके बहुधा इंग्रजीत असतात आणि तहसील कचेरीतला कागद कन्नडमध्ये येतो.

एका कामात मिळवलेले कौशल्य दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही. दोन्ही कामांत समान घटक असतील तितकेच ते उतरते, असे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये प्रयोगांवरून मांडले. म्हणूनच गाईड पाठ करून मिळवलेले गुण परीक्षेपुरते राहतात. परीक्षेत प्रश्न छापून हाती येतो. कचेरीत आलेल्या परिपत्रकाला काय विचारायचे ते वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४० च्या दशकात रूढ केलेल्या अभ्यासपद्धतीत आधी मजकूर चाळणे, मग स्वतः प्रश्न काढणे, नंतर वाचणे, आठवून सांगणे आणि उजळणी करणे असा क्रम आहे. त्यातली प्रश्न काढण्याची पायरी विद्यार्थी अनेकदा वगळतात, आणि नोकरीत नेमकी तीच लागते.

बेळगावात याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कायद्याच्या शिक्षणात दिसते. येथील राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासूनचे. निवाडा वाचताना वस्तुस्थिती कोणती, वादाचा मुद्दा कोणता, निर्णय कोणत्या कारणावर टिकला आणि न्यायाधीश जाता जाता काय बोलले, हे वेगळे काढायची सवय कायद्याच्या विद्यार्थ्याला लागते. पुढे तो वकिली न करता बँकेत गेला तरी कर्जाच्या मंजुरीपत्रातली अट आणि नुसती माहिती यांतला फरक त्याला चटकन कळतो. उद्यमबाग या बेळगावातील औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये ड्रॉइंगवरील आकृतीइतक्याच कोपऱ्यातल्या टिपा, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि रिव्हिजन क्रमांक (ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती ते) महत्त्वाचे असतात; जुन्या रिव्हिजनवर काढलेला माल नाकारला जातो. प्रयोगशाळेच्या जर्नलमध्ये तळटीप सोडून न देणारा विद्यार्थी इथे लवकर रुळतो.

शेतजमिनीच्या कागदात समान घटकांचे तत्त्व फार चांगले कळते. महाराष्ट्रातील सातबाऱ्याच्या जागी कर्नाटकात पहणी असते. सन २००० च्या सुमारास कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या जमीन-नोंदींच्या प्रकल्पात ती संगणकावर आली. सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, खातेदाराचे नाव, बोजा, पीक असे बरेच रकाने दोन्हींकडे आहेत. सातबारा नीट वाचता येणाऱ्याला पहणीत काय शोधायचे ते आधीच ठाऊक असते, अडते ती लिपी.

भाषेच्या या अडचणीवर कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांचे १९७९ मधील परस्परावलंबनाचे गृहीतक प्रकाश टाकते: पहिल्या भाषेत पक्के झालेले वाचन दुसऱ्या भाषेतील वाचनाला आधार देते, मात्र त्या दुसऱ्या भाषेशी पुरेसा संबंध यायला हवा. या दृष्टीने मराठी माध्यम हा सीमाभागातील विद्यार्थ्याचा तोटा मानणे चुकीचे ठरते. येथील सार्वजनिक वाचनालयांनी एकोणिसाव्या शतकापासून जपलेले मराठी वाचन हे त्याचे भांडवल आहे. सारांश काढणे, दोन बातम्यांतला विरोध ओळखणे, लेखकाने काय टाळले ते हेरणे या गोष्टी मराठीत एकदा जमल्या की इंग्रजीत पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागत नाहीत. कन्नड अक्षरे आणि अंक मात्र वेगळे शिकावेच लागतात. ते शिकल्याने मराठीपण उणे होत नाही. उलट आपल्या जमिनीचा, पगाराचा आणि हक्काचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी टळते.

महाविद्यालयांत या संक्रमणाकडे मुद्दाम लक्ष क्वचितच दिले जाते. पदवीच्या शेवटच्या वर्षात पाठ्यपुस्तकाच्या जोडीने एखादे सरकारी परिपत्रक, भाडेकरार किंवा विमा पॉलिसी वर्गात वाचायला घेणे हा त्यावरचा साधा आणि बिनखर्चाचा उपाय आहे.