हीट रेट

औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला इंधनाची किती उष्णता खर्ची पडली, ते सांगणारे माप. ते किलोकॅलरी प्रतियुनिट असे मांडतात. एका युनिटमध्ये मुळात 860 किलोकॅलरी ऊर्जा असते. त्यामुळे हीट रेट 3,000 असला तर कार्यक्षमता जेमतेम 29 टक्के भरते.

सिमेंट, पोलाद, कागद यांसारख्या उद्योगांच्या कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या, वीज केंद्रांत चालू खर्चाचा मोठा वाटा इंधनाचा असतो. महिनाअखेरीस सर्वांची नजर प्रतियुनिट खर्चावर जाते आणि नेमका तोच आकडा फसवतो. समजा, हीट रेट 3,000, कोळशाचे उष्मांक मूल्य किलोला 4,000 किलोकॅलरी आणि भाव 6 रुपये किलो. युनिटमागे 0.75 किलो कोळसा, म्हणजे 4.50 रुपये. पुढच्या महिन्यात भाव 5.40 वर आला आणि हीट रेट 3,200 वर गेला, तर खर्च 4.32 रुपये. कागदावर बचत दिसते. प्रत्यक्षात केंद्राची तब्येत बिघडलेली असते. जुन्याच भावाने हिशेब केला की 4.80 रुपये येतात आणि 30 पैशांची गळती उघडी पडते. वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्यांत साचलेले क्षार, त्यातला उतरलेला व्हॅक्यूम (निर्वात), राखेत न जळता गेलेला कोळसा, कमी लोड अशी तिची कारणे असतात. भाव बाजाराच्या हाती, ही कारणे मात्र केंद्राच्या हाती. म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

पंप, पंखे, कोळसा दळणाऱ्या गिरण्या यांनाही वीज लागते. ती 10 टक्के धरली तर वरचे 4.50 रुपये कारखान्याच्या दारात 5 रुपये होतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 2012 पासूनच्या ‘पॅट’ (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड) या ऊर्जाबचत योजनेतही औष्णिक केंद्रांची उद्दिष्टे निव्वळ हीट रेटवर, म्हणजे केंद्राने स्वतः वापरलेली वीज वजा करून काढलेल्या हीट रेटवर, ठरवली गेली. मात्र कोळशाचा नमुना काळजीपूर्वक घेतला नाही आणि त्यातला ओलावा नीट मोजला नाही, तर पुढचे सगळे गणित चुकते.

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांत गुंता वाढतो. तिथे टर्बाइनमधून निघालेली वाफ रस आटवायला जाते; सगळे इंधन विजेच्या नावावर टाकले तर वीज उगाच महाग दिसते. बगॅस, म्हणजे इंधन म्हणून जाळला जाणारा उसाचा चोथा, घरचाच म्हणून फुकट धरण्याची चूकही होते. बाहेर विकला असता तर जो भाव मिळाला असता, तोच त्याला लावला पाहिजे.