खात्यातले पैसे अडकले: कोर्टाची जप्ती की बँकेची वळती?

खातं गोठलं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘कलम ६० दाखवा, पगार-पेन्शनला कुणी हात लावू शकत नाही.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि त्यापायी लोकांचे महिने वाया जातात. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० हुकूमनाम्याच्या (दाव्यात कोर्टाने दिलेल्या आदेशाच्या) अंमलबजावणीतल्या जप्तीसाठी आहे. तुमच्या खात्यावर मुळात जप्ती आहे का, एवढं आधी विचारा.

जप्ती सगळ्यांना साधारण ठाऊक असते. धनको (ज्याचं तुमच्याकडे येणं आहे तो) दावा जिंकतो, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावतो आणि त्याच संहितेच्या आदेश २१, नियम ४६ खालचा मनाई हुकूम किंवा ४६-अ खालची नोटीस बँकेत येते. बँक इथे फक्त हुकूम पाळते, त्यामुळे मॅनेजरच्या विनवण्या करून काही होत नाही. हरकत त्याच कोर्टात, कलम ४७ खाली अर्ज करून घ्यायची. सोबत खातेउतारा आणि पेन्शन असेल तर पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत जोडा.

खरी गफलत वळतीत होते. इथे बँक स्वतःच तुमची धनको असते. कार्डाची किंवा कर्जाची थकबाकी दिसली की ती बचत खात्यावर ‘लीन’ (येणं वसूल होईपर्यंत पैसे रोखून धरण्याचा हक्क) लावते आणि रक्कम कर्जखात्यात वळती करते. त्यासाठी दावाही लागत नाही, हुकूमनामाही लागत नाही. आधार असतो तुम्ही सही केलेला कर्जकरार आणि करार कायद्याचं कलम १७१. म्हणून इथे भांडायचे मुद्देच वेगळे: देणं आणि ठेव एकाच व्यक्तीच्या नावावर, एकाच नात्याने (म्हणजे दोन्ही स्वतःचीच, दुसऱ्या कुणासाठी सांभाळलेली नाहीत) आहेत का? रक्कम ठरलेली आणि आज देय आहे का, की पुढचे हप्तेही आत्ताच ओढले? एकट्या नवऱ्याच्या कर्जापोटी नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यातून पैसे काढले असतील, किंवा जामीनदाराला मागणीची नोटीस न देताच त्याची ठेव वळवली असेल, तर ताबडतोब लेखी हरकत घ्या. पत्रात तारीख, रक्कम, कोणत्या कर्जात जमा केली आणि करारातलं कोणतं कलम वापरलं हे विचारा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

(सायबर तक्रारीवरून पोलिसांनी लावलेला होल्ड हे तिसरंच प्रकरण आहे. त्याला यातलं काहीही लागू नाही.)

कलम ६० मधलं पगाराचं सूत्रही लोक कुठेही चिकटवतात. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित. म्हणजे ४०,००० पगार असेल तर २७,००० सुटतात, १३,००० जप्त होऊ शकतात. ही मासिक कपात मालकाकडे होते, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिन्यांपर्यंतच. वर्षानुवर्षं साठलेल्या शिलकेला लावायचं हे सूत्र नाही. पोटगीच्या हुकूमनाम्यात तर संरक्षण एक-तृतीयांशावरच येतं.

पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचं तसं नाही. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवलं, की निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत गुंतवले तरी त्यांचं स्वरूप बदलत नाही आणि जप्तीपासूनचं संरक्षण टिकतं. पण ते पैसे निवृत्तीचेच आहेत हे दाखवणं तुमच्यावर येतं. भाडं, शेअरची विक्री, मुलाने पाठवलेली रक्कम, सगळं त्याच खात्यात ओतलंत तर हिशेब सोडवत बसावं लागतं. पेन्शनचं खातं वेगळं ठेवा आणि जिथून कर्ज घेतलंय त्या बँकेत तर मुळीच ठेवू नका.

‘कलम ६० चं संरक्षण मी सोडतो’ असं कुणी तुमच्याकडून लिहून घेतलं असेल तर घाबरू नका. कलम ६० (१-अ) नुसार असा करार रद्दबातल आहे. आणि जप्ती आलेल्या संयुक्त खात्यात ज्याच्यावर हुकूमनामा नाही अशा खातेदाराने आपल्या हिश्शासाठी आदेश २१, नियम ५८ खाली स्वतंत्र अर्ज करायचा, दुसऱ्याच्या अर्जावर विसंबून राहायचं नाही.