भाव ठेवणं आणि कौल लावणं

आमच्या ठाण्याच्या घरात वचनांची एक डबी आहे. आत सुरळी केलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर पवित्र शास्त्रातलं एक वचन. मराठी ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांना ही डबी सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी ताईला परदेशात नर्सची नोकरी चालून आली, तेव्हा आईला पक्षाघात होऊन सहा महिने झाले होते. उत्तर कळवायला दहा दिवस होते. एका रात्री ताईने प्रार्थना करून चिठ्ठी काढली. अब्राहामाचं वचन निघालं: आपला देश, बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा. ती थोडा वेळ गप्प बसली. मग दुसरी काढली. निघालं, आईबापांचा मान राख.

दोन्ही वचनं देवाचीच, दोन्ही खरी. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की आम्ही ज्याला भाव म्हणत होतो तो कौल होता.

कोकणात मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाला कौल लावतात, म्हणजे त्याचं उत्तर मागतात. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. ती त्या परंपरेची रीत, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी बोलतोय ते बायबल हातात घेऊन तेच करणाऱ्या आणि त्याला विश्वास म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांबद्दल. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात ‘परमेश्वरावर भाव ठेव’, म्हणजे भरवसा ठेव, असं म्हटलंय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: मिटलेले डोळे, जोडलेले हात, तीच कळकळ. पण कौल लावणाऱ्याला निर्णयाचं ओझं उतरवून टाकायचं असतं. भाव ठेवणारा ते ओझं उचलतो आणि सोबत मागतो.

कौलाच्या बाजूने बायबलमधल्या गिदोनाचं उदाहरण हमखास देतात. देवाकडे खूण मागून त्याने लोकर खळ्यात ठेवली, एका रात्री तीच भिजली, दुसऱ्या रात्री तीच कोरडी राहिली. पण ‘शास्ते’ या पुस्तकाचा सहावा अध्याय नीट वाचा. काय करायचं ते देवाने गिदोनाला आधीच सांगितलं होतं. लोकर त्याच्या भीतीसाठी होती, आणि दुसऱ्यांदा मागताना ‘माझ्यावर रागावू नकोस’ असं तो स्वतःच म्हणतो. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या हेही खरं. पण ते पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधी. पवित्र आत्मा उतरल्यावर नव्या करारात कोणी चिठ्ठ्या टाकल्याचं दिसत नाही. यरुशलेमेत मोठा वाद झाला तेव्हा सगळे बसले, बोलले, ऐकून घेतलं, आणि पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हाला असं योग्य वाटलं. त्यातल्या ‘व आम्हाला’वर मी फार दिवस अडकून होतो. देवाने त्यांचं डोकं बाजूला ठेवायला सांगितलं नव्हतं.

‘दार उघडलं म्हणजे देवाची इच्छा’ हेही कौलाचंच एक रूप. योना देवापासून पळाला तेव्हा याफोच्या बंदरात तार्शीशला निघालेलं जहाज तयार होतं. भाड्याचे पैसेही त्याच्याकडे होते.

सगळ्यात अवघड गोष्ट शांतीची. ‘प्रार्थना केली आणि मनाला शांती मिळाली, म्हणून ठरवलं,’ असं आपण साक्ष देताना म्हणतो. शांती देवाचं दान आहे, पण सुटकेचा निःश्वासही अगदी तसाच वाटतो. वादळात योना जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. गेथशेमाने बागेत येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. दोघांपैकी पित्याच्या इच्छेत कोण होता, ते आपल्याला ठाऊक आहे.

मग भाव ठेवायचा म्हणजे करायचं काय? याकोबाचं पत्र म्हणतं, ज्ञान उणं असेल तर देवाजवळ मागा. शहाणपण मागा, चिठ्ठी नव्हे. येशूने बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितला. आम्हीही बसलो. रात्री आईला कूस कोण बदलून देणार, फिजिओथेरपीला कोण नेणार, घराचा हप्ता माझ्या पगारात बसतो का, सगळं वहीत मांडलं. पाळकसाहेब आले. त्यांनी ‘जा’ म्हटलं नाही, ‘राहा’ही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, “बाळ, देवाचं कोणतं उत्तर ऐकायची तुला भीती वाटते?” ताई रडली. तिला नाही म्हणायची भीती नव्हती. आपण जाणार आणि पाठीमागे आई जाणार, याची होती.

शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिक समाजातल्या, कुटुंबातल्या आंटींनी संत इग्नेशियसचा एक नियम सांगितला: मन कोरडं, अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. आम्ही कॅथलिक नाही, पण तो नियम आमच्या उपयोगी पडला.

मला कवी नारायण वामन टिळक आठवतात. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. कौलच मानायचा तर आयताच मिळाला होता. टिळकांनी त्या शब्दावर विसंबून पाऊल टाकलं नाही. ते वाचत राहिले, स्वतःशी भांडत राहिले, आणि 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत काय पडणार हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांच्यामागून लगेच जायची घाई केली नाही. त्यांनी आणखी काही वर्षं घेतली, आणि तोही मला भावच वाटतो.

नवव्या दिवशी संध्याकाळी ताई तलावपाळीला दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, “मी या वर्षी जात नाही.” कोणतंही चिन्ह मिळालं नव्हतं. आजही तिला कधी कधी वाटतं, चुकलं का आपलं? तसं वाटलं की ती ते प्रार्थनेत तसंच बोलते.

डबी अजून घरात आहे. सकाळी आई धड असलेल्या हाताने एक चिठ्ठी काढते, ताई ती तिला वाचून दाखवते. मग चहा होतो.